"मेल स्पॅममध्ये गेला असेल" ही सबब आता पुरे

सरकारी कार्यालयांत आजकाल एक नवं उत्तर मिळतं. "तुमचा मेल आलाच नाही. स्पॅममध्ये गेला असेल, बघा." पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" असायचं, त्याचीच ही सुधारित आवृत्ती. आणि आपण मंडळी मान डोलावून परत येतो. कॉम्प्युटरने केलं म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका कार्यालयाने तुंबलेल्या नाल्याच्या तक्रारीवर हेच उत्तर दिलं. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. पण भांडता येतं, हे सांगायला ही पोस्ट. लांब आहे, तरी वाचा.

तुमचा मेल थेट साहेबांच्या मोबाइलवर जात नाही. आधी तो मेल सर्व्हरवर जातो. हे सर्व्हर बहुतेक वेळा युनिक्सवर किंवा त्याच घराण्यातल्या लिनक्सवर चालतात. तिथे एक प्रोग्रॅम दारात उभा राहून मेल आत घेतो आणि दुसऱ्याच्या हाती देतो. हा दुसरा ठरवतो, कुठला मेल कुठल्या पेटीत टाकायचा. तहसील कचेरीतला आवक-जावक लिपिक आठवा. टपाल फोडायचं, बारनिशीत नोंद घ्यायची, ज्या त्या टेबलाकडे पाठवायचं. दुसरा प्रोग्रॅम म्हणजे तोच लिपिक. फक्त त्याला चहाला जायचं नसतं.

युनिक्सवर या कामासाठी स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी १९९० मध्ये प्रॉकमेल नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे कित्येक वर्षं अनेक विद्यापीठांतला आणि कंपन्यांतला मेल त्यातून वाटला गेला. त्याचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. मेल आला की प्रोग्रॅम ती फाइल वरून खाली वाचत जातो. विषयात अमुक शब्द असेल तर या पेटीत, अमक्याकडून आला असेल तर त्या पेटीत. जो नियम आधी लागू पडेल त्याप्रमाणे मेल तिथे ठेवून काम संपवतो.

आणि एकही नियम लागू पडला नाही तर? मेल नेहमीच्या पेटीत जातो. फेकला जात नाही. कुठला मेल कुठे टाकला याची नोंद हवी असेल, तर फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की सगळी बारनिशी आपोआप तयार. नवशिक्यांसाठी त्याच्या माहितीपानात एक युक्ती दिली आहे: सगळ्या नियमांच्या वर दोन नियम असे घाला की येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत बाजूला पडेल आणि शेवटचे ३२ मेल कायम सुरक्षित राहतील. म्हणजे नियम लिहिताना माणूस चुकणार हे त्या लोकांनी धरूनच ठेवलं होतं.

आज कार्यालयात प्रॉकमेलच बसवा, असं मी म्हणत नाही. २००१ च्या आवृत्तीनंतर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. २०१४ मध्ये तर तो सांभाळणारे फिलिप गेन्थर यांनीच त्याचा कोड सुरक्षित नाही, तो वापरू नका, असं जाहीर सांगितलं. आता त्याच कामासाठी सीव्ह नावाची नियम लिहायची भाषा आहे. २००१ मध्ये तिचं मानक निघालं, २००८ मध्ये ते सुधारलं. डोव्हकॉटसारख्या फुकट मिळणाऱ्या सर्व्हरवर ती चालते. तिच्यातही मूळ धोरण तेच: उलट सांगितलं नसेल तर मेल ठेवायचा. नियम चालवताना मध्येच गडबड झाली, तरीही ठेवायचा.

तेव्हा मेल "आपोआप" स्पॅममध्ये जातो याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी तसा नियम केला आहे किंवा दुसऱ्याने केलेला नियम न वाचता चालू ठेवला आहे.

आता कुणी म्हणेल, अहो, रोज किती कचरा येतो, व्हायरस येतात, सगळं आत घ्यायचं का? नाही. पण त्याचीही रीत ठरलेली आहे. नको असलेला मेल दारातच नाकारायचा. मग पाठवणाऱ्याला "पोचला नाही" असा उलट निरोप येतो आणि तो दुसरा मार्ग धरतो. एकदा मेल घेतला असं सर्व्हरने कळवलं, की जबाबदारी त्याची. मेल पोचवा, नाहीतर पोचला नाही असं कळवा. ईमेलच्या जागतिक नियमावलीतच हे लिहिलेलं आहे. मेल घ्यायचा, पाठवणाऱ्याला काही सांगायचं नाही आणि आत कोपऱ्यात सारायचा, ही पद्धत सगळ्यात वाईट. रजिस्टर पत्र सही करून घ्यायचं आणि माळ्यावर फेकायचं, त्यातला प्रकार.

मराठीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मेलचा विषय देवनागरीत लिहिला, तर प्रवासात तो इंग्रजी अक्षरं नि आकड्यांच्या सांकेतिक रूपात जातो. जुना प्रॉकमेल ते रूप उलगडत नाही, जसं आलं तसंच वाचतो. "पाणीपुरवठा" शब्द असलेले मेल वेगळे काढा असा नियम त्यात लिहिला, तर तो लागूच पडत नाही. सीव्ह आधी उलगडते, मग जुळवून बघते. स्पॅमॲसॅसिन हा प्रोग्रॅम मेलला गुण देतो, आणि ठरल्याप्रमाणे ५ गुण झाले की मेल स्पॅम. त्यात हव्या तेवढ्याच भाषांची यादी देण्याची सोय आहे. यादीबाहेरच्या भाषेत मेल आला की गुण वाढतात. महाराष्ट्रातल्या कार्यालयाचा सर्व्हर लावताना त्या यादीत मराठी घातली का, हे कधी कुणी विचारलंय?

कायदा काय म्हणतो? मी वकील नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ वाचायला सोपं आहे. मेल घेण्यासाठी तुम्ही एखादी संगणक यंत्रणा नेमून दिली असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तो मिळाला असं धरायचं. दोघांत वेगळं काही ठरलं असेल तर गोष्ट निराळी. साहेबांनी उघडला तेव्हा नाही, लिपिकाला दिसला तेव्हा नाही. कार्यालयाच्या फलकावर ईमेल पत्ता रंगवला म्हणजे तो नेमून दिला, असं माझं मत. स्पॅमची पेटीही त्याच यंत्रणेत असते ना? कलम १२ प्रमाणे पोच आपोआप गेलेली असली तरी चालते. तेव्हा "पोच द्यायला माणूस नाही" हेही चालायचं नाही. पोच देणाऱ्या दोन यंत्रांनी एकमेकांना रात्रभर उत्तरं पाठवत बसू नये, याचा उपायसुद्धा प्रॉकमेलच्या जुन्या माहितीपानात आहे. आपल्या उत्तरावर खुणेची एक ओळ घालायची आणि ती खूण असलेल्या मेलला उत्तर द्यायचं नाही.

म्हणून माझं सांगणं. आपापल्या नगरपरिषदेला, पंचायत समितीला माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. नागरिकांच्या तक्रारींसाठीचा अधिकृत ईमेल पत्ता कोणता, आलेल्या मेलची नोंद कुठे ठेवली जाते, स्पॅमची पेटी कोण आणि किती दिवसांनी तपासतं, पोच पाठवण्याची काय व्यवस्था आहे. चार ओळींत मावतं.

आणि अर्ज लवकर करा. माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदत ३० दिवस. बऱ्याच छोट्या कार्यालयांचे पत्ते जीमेलचे असतात, आणि जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं. तुमची तक्रार तिथे पडली असेल, तर उत्तर हातात येईपर्यंत ती तिथे नसेल. पाठवलेल्या मेलची तारीख-वेळेसह प्रिंट काढून अर्जाला जोडा आणि अर्ज मात्र हाताने आवक खिडकीत द्या. शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.