बढती हवी, पण कोणत्या किमतीला?

२७ मे २०२३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ल्यूटन टाउन आणि कॉव्हेंट्री सिटी या दोन इंग्लिश फुटबॉल संघांचा सामना झाला. जादा वेळेनंतरही १-१ अशी बरोबरीच राहिली आणि अखेर पेनल्टींवर ल्यूटनने ६-५ अशी बाजी मारली. या एका विजयामुळे तीन हंगामांत मिळून किमान १७ कोटी पौंडांची वाढीव प्राप्ती होईल, असा अंदाज डेलॉइट या हिशेबतज्ज्ञांच्या संस्थेने वर्तविला होता. एकतीस वर्षांच्या खंडानंतर सर्वोच्च श्रेणीत परतणाऱ्या ल्यूटन शहरात त्या रात्री दिवाळी झाली, यात नवल नाही. परंतु वर्षभरातच हा संघ खाली आला आणि त्यानंतरच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. बढती मिळाली ती बरी झाली की वाईट, हा प्रश्न आता तेथील पाठीराख्यांपुढे उभा आहे. आणि त्याचे उत्तर सरळ नाही.

कचेरीत किंवा बँकेत नोकरी करणाऱ्यांना या प्रश्नाची जात ओळखीची वाटेल. बढतीचा हुकूम हाती पडतो आणि त्याच पाकिटात दूरच्या गावी बदलीचाही हुकूम असतो. पगार वाढणार, मान वाढणार. पण घर सुटणार, मुलांची शाळा सुटणार आणि ज्या टेबलावर आपला शब्द चालत होता ते टेबलही सुटणार. अशा वेळी बढती नाकारणाऱ्या कारकुनाला कोणी आळशी म्हणत नाही. त्याने आपल्या परीने नफ्यातोट्याचा हिशेब केलेला असतो. इंग्लंडमधील मध्यम व लहान क्लबांचे पाठीराखे वरच्या श्रेणीकडे आशेने आणि धास्तीने एकाच वेळी पाहतात, त्यामागेही असाच एक हिशेब आहे. त्या हिशेबाची उपेक्षा करणे योग्य होणार नाही.

शिडीची रचना

क्रिकेटच्या वातावरणात वाढलेल्या वाचकाला ही व्यवस्था थोडी समजावून घ्यावी लागेल. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल चार श्रेणींत विभागलेले आहे. सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ आणि त्याखालच्या तीन श्रेणींत प्रत्येकी चोवीस, असे एकूण ब्याण्णव क्लब होतात. दरवर्षी प्रीमियर लीगमधील शेवटचे तीन संघ खाली उतरतात आणि दुसऱ्या श्रेणीतील तीन वर चढतात. यांपैकी दोन संघ गुणतक्त्यावरून थेट ठरतात. तिसरा मात्र त्यांच्या लगतच्या क्रमांकांवरील संघांतील चुरशीतून निवडला जातो आणि वेम्ब्लीवरचा सामना हा त्या चुरशीचा शेवट असतो. अशीच देवघेव खालच्या श्रेणींतही चालते. तत्त्वतः एखाद्या खेड्यातील संघही पायरी-पायरीने राष्ट्रीय विजेता होऊ शकतो, हे या व्यवस्थेचे सौंदर्य आहे.

ल्यूटनने ही शिडी दोन्ही दिशांनी पुरती अनुभवली आहे. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली तेव्हा त्या योजनेला मान्यता देणाऱ्या क्लबांत ल्यूटन होता. पण पहिला चेंडू टोलविला जाण्यापूर्वीच, १९९१-९२ च्या अखेरच्या दिवशी हरून, तो खालच्या श्रेणीत गेला. २००७ ते २००९ या काळात सलग तीन वेळा त्याची घसरण झाली. पूर्वीच्या चालकांचे गैरव्यवहार आणि दिवाळखोरी यांबद्दल २००८-०९ मध्ये तब्बल तीस गुण कापले गेल्यामुळे हा क्लब ब्याण्णवांच्या यादीतूनच बाहेर फेकला गेला. पाच वर्षे त्याने अर्धव्यावसायिक संघांशी सामने खेळून काढली. २०१४ मध्ये तो परत आला, २०१८ व २०१९ मध्ये लागोपाठ दोन पायऱ्या चढला आणि २०२३ मध्ये शिखरावर पोहोचला. पेली रडॉक म्पान्झू हा खेळाडू या संपूर्ण चढणीत संघाबरोबर होता. एकाच क्लबकडून लीगबाहेरच्या फुटबॉलपासून प्रीमियर लीगपर्यंत खेळत येणारा तो पहिलाच.

विजयाचे दुर्भिक्ष

शिखरावर काय वाढून ठेवले होते ते आकडेच सांगतात. २०२२-२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत ल्यूटनने ४६ सामन्यांपैकी २१ जिंकले, १७ बरोबरीत सोडविले आणि फक्त ८ गमावले. पुढच्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये ३८ सामन्यांपैकी ६ विजय, ८ बरोबरी आणि २४ पराभव. म्हणजे पूर्वी जवळजवळ दर दुसऱ्या सामन्याला विजय पाहणाऱ्या प्रेक्षकाला आता सहा सामन्यांत एकदा तो दिसू लागला. त्या वर्षी एव्हर्टनचे आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण आर्थिक नियमभंगाबद्दल कापले गेले. तरीही ल्यूटनला त्यांना मागे टाकता आले नाही. लिव्हरपूलशी १-१ अशी बरोबरी आणि आर्सेनलविरुद्ध अखेरच्या क्षणापर्यंत टिकवून धरलेली, पण ३-४ अशी निसटलेली लढत, एवढ्या आठवणी मात्र संग्रही राहिल्या.

हे एकट्या ल्यूटनचे दुर्दैव नव्हे. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी खाली गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन या तिघांच्याही वाट्याला तेच आले. साउथॅम्प्टनने तर संपूर्ण हंगामात अवघे १२ गुण मिळविले आणि सात सामने शिल्लक असतानाच त्याची घसरण निश्चित झाली. त्याआधी तिन्ही नवागत एकदम परत जाण्याचा प्रकार प्रीमियर लीगमध्ये केवळ एकदा, १९९७-९८ मध्ये, घडला होता. त्या तिघांत बार्न्सली होता. कोळशाच्या खाणींच्या मुलखातील हा क्लब आपल्या इतिहासात प्रथमच सर्वोच्च श्रेणीत आला, लिव्हरपूलला त्याच्याच मैदानावर हरवून गेला आणि वर्षअखेर परतला. २००२ मध्ये त्याच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही ओढवली. ल्यूटनच्या पाठीराख्याची धास्ती काल्पनिक नाही, हे समजण्यास एवढी उदाहरणे पुरेशी आहेत.

दोन पायऱ्यांमधील दरी

या स्थितीचे मूळ पैशाच्या वाटपात आहे. प्रीमियर लीगमधील शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही अलीकडे दूरचित्रवाणी आदी सामायिक उत्पन्नातून वर्षाला दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. त्याच्या लगतच खाली असणाऱ्या, परंतु अलीकडे वर न गेलेल्या क्लबला त्याच्या एकदशांशाच्या आसपास. विसाव्या आणि एकविसाव्या क्रमांकांमधील खेळाच्या गुणवत्तेचा फरक एवढा असू शकत नाही. बक्षिसांची रचना अशी कड्यासारखी तुटलेली असली, की खालचे स्पर्धक विवेक सोडून उडी मारू लागतात. दुसऱ्या श्रेणीतील क्लबांचा एकूण वेतनखर्च काही हंगामांत त्यांच्या एकूण उत्पन्नाहूनही अधिक झाला आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण तेथे चालत नाही. कारण शेजाऱ्याने पाय पसरले की आपले आखडून घेणारा मागेच पडतो.

या दरीवर इलाज म्हणून खाली येणाऱ्या संघांना दोन किंवा तीन वर्षे विशेष रक्कम दिली जाते. प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातील समान वाट्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के, असे तिचे प्रमाण आहे. उंचावरून पडणाऱ्याला इजा होऊ नये हा तिचा हेतू. म्हणूनच तिला पॅराशूटचे नाव पडले. परंतु या तरतुदीमुळे दुसऱ्या श्रेणीतच श्रीमंत आणि गरीब असे दोन वर्ग निर्माण होतात. शिवाय पैसा हाती असला म्हणजे पडझड थांबतेच असेही नाही. ही रक्कम मिळत असतानाच ल्यूटन आणखी खाली गेला.

वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये व्यावसायिक खेळांच्या अर्थकारणातील एक विसंगती दाखवून दिली होती. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर उरलेल्याचे भले होते. खेळात मात्र प्रतिस्पर्धी तुल्यबळ नसेल तर विकण्यासारखे काही उरतच नाही. मुष्टियोद्धा ज्यो लुई याला चांगली कमाई करण्यासाठी मॅक्स श्मेलिंगसारखा जबर प्रतिस्पर्धी लागतोच, असे त्याचे उदाहरण होते. फुटबॉलचा पाठीराखा शनिवारी दुपारी मैदानावर जातो तो निकाल ठाऊक नसतो म्हणून. निकाल आधीच ठरल्यासारखा झाला, की तो प्रतिस्पर्धी संघातील नामांकित खेळाडू पाहण्यासाठी तिकीट काढणारा निव्वळ प्रेक्षक उरतो.

मैदान आणि शहर

पाठीराख्याच्या हिशेबात पैशाच्या पलीकडच्याही गोष्टी येतात. ल्यूटनचे केनिलवर्थ रोड मैदान १९०५ पासूनचे. जेमतेम बारा हजारांच्या आसपास माणसे मावतील एवढे ते लहान, आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना चाळवजा घरांच्या रांगेतून, वर लोकांची बिऱ्हाडे असताना खालून, आत शिरावे लागते. प्रीमियर लीगच्या नियमांत बसण्यासाठी या मैदानाची एक बाजू सुमारे एक कोटी पौंड खर्चून नव्याने बांधावी लागली. ते काम वेळेत पुरे न झाल्यामुळे घरचा पहिला सामनाच पुढे ढकलावा लागला. दूरचित्रवाणीच्या सोयीने सामन्यांचे वार आणि वेळा बदलतात. दूरच्या गावी संघामागे जाणाऱ्या नोकरदाराचा बेत कोलमडतो. २०१९-२० पासून प्रीमियर लीगमध्ये पंचांच्या निर्णयाची दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फेरतपासणी होऊ लागली. त्यामुळे गोल झाला तरी आनंद मनातच धरून क्षणभर थांबावे लागते. या बाबी एकेकट्या क्षुल्लक वाटतील. पण शनिवारच्या ज्या सवयीवर पाठीराख्याची निष्ठा पोसलेली असते, ती सवयच त्यांनी ढिली होते.

आणखी एक योगायोग येथे नोंदविला पाहिजे. केनिलवर्थ रोडवर खेळ सुरू झाला त्याच १९०५ साली व्हॉक्सहॉल हा मोटारींचा कारखाना ल्यूटनमध्ये आला. हा कारखाना २८ मार्च २०२५ रोजी बंद झाला. अकराशेहून अधिक नोकऱ्यांवर त्याचा परिणाम झाला, आणि पाच-सहा आठवड्यांतच फुटबॉल संघ तिसऱ्या श्रेणीत उतरला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु ज्या शहरातील माणसाच्या हातून त्याचा कारखाना दूरच्या कचेरीतील निर्णयाने जातो, त्या माणसाला आपला क्लब तरी आपल्या आवाक्यात राहावा असे वाटल्यास ते समजण्यासारखे आहे. ल्यूटनच्या पाठीराख्यांच्या न्यासाला क्लबचे नाव, रंग आणि बोधचिन्ह बदलण्यास नकार देण्याचा अधिकार २०१४ पासून आहे. बढतीबरोबर येणारा पैसा हे अंतर वाढवील काय, ही शंका त्यांच्या मनात डोकावणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

शिडी काढून घ्यावी काय?

तथापि याचा अर्थ त्यांना बढती नको आहे असा काढणे चुकीचे ठरेल. बढतीच्या पैशाने क्लबचा पाया बळकट होतो. ल्यूटनच्या २५ हजार आसनांच्या नियोजित मैदानाला डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली, त्या योजनेलाही या मिळकतीचा आधार आहे. चिकाटीने आणि नेमक्या खरेदीविक्रीने लहान क्लब वर टिकू शकतो, हे ब्रेंटफर्डने २०२१ नंतर आणि बोर्नमथने ल्यूटनएवढ्याच लहान मैदानावरून दाखवून दिले आहे. २०२२-२३ मध्ये तर वर आलेले तिन्ही संघ टिकले होते.

शिडीच नको असे पाठीराख्यांना वाटत नाही, याचा पुरावा एप्रिल २०२१ मध्ये मिळाला. युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी कायम सदस्यत्वाची स्वतंत्र लीग जाहीर केली तेव्हा त्यांतील सहा इंग्लिश क्लबांचेच पाठीराखे रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत ती योजना कोसळली. शिडी नसण्याचे दुःख भारतातही अनोळखी नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये बढतीची सोय नव्हती. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी नियोजित रचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपोही त्याच वाटेने गेला. फुटबॉलवेड्या गोव्याने आपलेच क्लब राष्ट्रीय पटावरून पुसले गेलेले पाहिले. पुढे आय-लीगच्या विजेत्यास दार उघडले. २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहामेडन स्पोर्टिंग वर गेला आणि पहिल्याच हंगामात तेरा संघांत तेरावा आला. दार बंद असणे हा एक अन्याय. दार उघडून आत उंबरठ्याऐवजी खंदक ठेवणे हा दुसरा.

ब्रिटनच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा संमत केला. प्रीमियर लीग आणि खालच्या तीन श्रेणी यांच्यात पैशाच्या वाटपाबाबत समझोता न झाल्यास हस्तक्षेप करण्याचा अखेरचा अधिकार या नियामकाला आहे, आणि खाली येणाऱ्यांना मिळणारी विशेष रक्कमही त्याच्या विचाराच्या कक्षेत येते. त्याने हा अधिकार कसा वापरावा याचे दिग्दर्शन अर्थशास्त्र करू शकते: वरच्यांचे उत्पन्न हिरावून घेण्याची गरज नाही, परंतु विसाव्या आणि एकविसाव्या क्रमांकांमधील उडी माणसाच्या टापेत येईल इतकी लहान झाली पाहिजे. बढतीने आनंद व्हावा आणि घसरणीने दुःख व्हावे, हा खेळाचा धर्म आहे. बढतीचीच भीती वाटू लागली, तर दोष भिणाऱ्याच्या मनात शोधण्यापूर्वी पायऱ्यांची मापे तपासली पाहिजेत.