तेलुगूतले पंढरपूर

सोळाव्या शतकात तेनाली रामकृष्ण कवीने ‘पांडुरंग माहात्म्यमु’ रचले. तेलुगूच्या पंचमहाकाव्यांत गणल्या जाणाऱ्या या ग्रंथाचे क्षेत्र आपले पंढरपूर आहे. १९५७ मध्ये पुंडलिकाची कथा एन. टी. रामाराव यांनी तेलुगू पडद्यावर साकारली.

विठोबाला इतके आपलेसे करणाऱ्या या भाषेचे लोक आपल्याच जिल्ह्यात राहतात. एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात माग मांडले. चादरीला देशभर नाव मिळाले ते त्यांच्या कष्टाने. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या बायकांनी विड्या वळून संसार उभे केले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा सारा पूर्व भाग रस्त्यावर येतो.

घरात तेलुगू, बाजारात मराठी असे ते पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले. ते आपली मराठी शिकले. आपण मात्र त्यांचे साहित्य शेजारी असूनही वाचले नाही. पंढरपूरच्या वाचनालयांनी आणि शाळांनी तेनाली रामकृष्णाचे हे काव्य मराठी अर्थासह वाचकांपुढे आणावे, तेलुगू भाषकांना ते वाचून दाखवायला सन्मानाने बोलवावे. हा अंक आम्ही त्याच आग्रहाने आपल्या हाती देत आहोत.