आमच्या मांडवाखालचे घडही संगणकाला ओळखू द्या

मा. संचालक,
राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरी, पुणे.



ऑक्टोबरची फळछाटणी, डिपिंग, विरळणी ही सगळी उस्तवार करून बाग विक्रीला येते, तेव्हा व्यापारी पहिल्यांदा विचारतो, "माल किती निघेल?" आजही आम्ही याचे उत्तर अंदाजानेच देतो. काही झाडांचे घड मोजायचे, दोन-चार तोलायचे आणि एकराचा आकडा सांगायचा. अंदाज चुकला की पेट्या, मजूर, गाड्या आणि सौदा, सगळेच बिघडते.

हे काम कॅमेरा करू शकतो. ट्रॅक्टरवर कॅमेरा लावून ओळीतून जायचे, संगणकाने घड मोजायचे आणि थोडे घड तोलून सरासरी वजन काढायचे. ब्राझीलच्या 'एम्ब्रापा' या सरकारी कृषी संशोधन संस्थेने वाइनच्या द्राक्षांच्या ५ जातींची ३०० छायाचित्रे, त्यांतल्या ४,४३२ घडांवर खुणा करून, अभ्यासकांसाठी खुली केली आहेत.

पण त्या बागा उभ्या ताटीवरच्या, तिथे घड बाजूने दिसतात. आमच्या मांडवात ते डोक्यावर लोंबतात. खालून कॅमेरा धरला की पानांच्या फटीतून ऊन थेट भिंगात शिरते आणि घड काळवंडतो. थॉमसन, तास-ए-गणेश यांचे मणी हिरवे आणि भोवतीची पानेही हिरवी. घडाला कागद गुंडाळला की मणी दिसतच नाहीत. एकच घड दोन बाजूंनी दोनदा मोजला जातो, तो घोळ वेगळाच. परदेशी चित्रांवर शिकलेला प्रोग्रॅम इथे जसाच्या तसा चालेल, असे धरून चालता येणार नाही.

म्हणून विनंती आहे की आपल्या केंद्राने आपल्या द्राक्षांचा खुला चित्रसंग्रह उभारावा. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांतून, मणी धरल्यापासून काढणीपर्यंत, सकाळच्या आणि भर उन्हातल्याही प्रकाशात चित्रे घ्यावीत. प्रत्येक बागेच्या चित्रांसोबत तिथल्या काढणीचे खरे वजन नोंदवावे, म्हणजे अंदाजाची पारख होईल. चित्रांवर खुणा करण्याचे काम विरळणी करणाऱ्या बायकांना योग्य मजुरी देऊन द्यावे. एकमेकांना चिकटलेल्या दोन घडांतला कोणता मणी कुठल्या घडाचा, हे त्यांच्याइतके कोणाला कळते?

आणखी एक. चित्रे सर्वांना खुली असावीत, पण कोणत्या बागायतदाराचा माल किती, हे त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नये. सौद्याआधीच तो आकडा व्यापाऱ्याच्या मोबाइलवर पोहोचला, तर बागायतदाराच्या हाती उरलेली थोडी ताकदही जाईल.

१९९७ पासून आपले केंद्र द्राक्षाच्या संशोधनात आहे. खाजगी कंपन्या प्रोग्रॅम विकतील, मात्र सगळ्यांच्या उपयोगाचा पाया सरकारी संस्थेनेच घालायचा असतो. येत्या फळछाटणीपासून निदान काही बागांत सुरुवात करावी. बागा आम्ही मोकळ्या करून देऊ.

आपला,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार