दुकानाची वेळ व मागील दार



दुकानांच्या वेळेचा कायदा म्हटला की आपणांपैकी पुष्कळांस तो व्यापारावरील जाच वाटतो. आम्हांसही एके काळी तसेच वाटे. परंतु चाळीस वर्षे धान्याच्या घाऊक पेढीवर बसल्यावर आमचे मत पालटले आहे, ते येथे नम्रपणे मांडतो.

हा कायदा आजचा नव्हे. मुंबई प्रांतात तो प्रथम १९३९ साली झाला व पुढे लोकांनी त्यास ‘गुमास्ता कायदा’ असे सार्थ नाव दिले. आपला निंबर्गा-कलबुर्गीचा मुलूख १९५६ साली म्हैसूर राज्यात आला; त्या राज्याचा १९६१ चा कायदाच पुढे कर्नाटकाचा झाला. नोकरास दिवसास ९ व आठवड्यास ४८ तासांहून अधिक काम नसावे, पाच तासांनंतर किमान एक तास विसावा मिळावा, दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहावे, असे त्यात सांगितले. कायद्याची नजर कुलपावर नसून कुलूप लावणाऱ्या मुलावर आहे.

तो पाळला जातो काय? अर्धे दार ओढून मागील दाराने माल द्यावयाचा, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. दोष किरकोळ दुकानदाराचाच, असे आम्ही म्हणत असू. एकदा सुट्टीच्या दिवशी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दुकान बंद ठेवले. त्याच्या शेजाऱ्याने ठेवले नाही. त्या दिवशी तुरीच्या डाळीची पोती आम्ही शेजाऱ्याच्याच मागील दारी उतरविली. सायंकाळी जुने गिऱ्हाईक पेढीवर येऊन एवढेच म्हणाले, “शेठजी, कायदा मोडणाऱ्यास माल आज, आणि पाळणाऱ्यास उद्या काय?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

महाराष्ट्राने २०१७ च्या कायद्याने बाराही महिने दुकाने उघडी ठेवण्यास वाट दिली. कर्नाटकानेही २०२१ साली दहा वा अधिक माणसांच्या दुकानांस अहोरात्र उघडे राहण्याची मुभा तीन वर्षांकरिता दिली. मग लहानानेच बंद का ठेवावे, ही तक्रार खोटी नाही. परंतु मोठा दुकानदार पाळ्या लावू शकतो. जेथे नोकर एकच, तेथे पाळी कोणाची बदलणार? शिवाय त्या सवलतींतही नोकराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेविली आहे.

आपण सूर्यास्तापूर्वी जेवावयास गल्ल्यावरून उठतो, तेव्हा आपणांस कोणी अडवीत नाही. गुमास्त्यास मात्र आपण रात्रीपर्यंत थांबवितो. हे आपल्या आचारास शोभते काय?

म्हणून घाऊक व्यापाऱ्यांस आमची विनंती आहे. बंदच्या दिवशी वा वेळेनंतर कोणाच्याही दारी माल उतरवू नये. उधारीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती दुसऱ्या दिवशी धरावी. आमच्या पेढीने हा नियम घातला आहे. त्यामुळे चार गिऱ्हाइके गेली, हेही लपवीत नाही. सर्वांनी मिळून तो पाळल्यास ती कोठेच जाणार नाहीत.