चित्र सुधारले; आनंदाचे काय?

दूरचित्रवाणी संच सुधारला की पाहण्याचा आनंदही त्याच प्रमाणात वाढतो, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण ६२५ रेषांचे होते, खेड्यांतील पुष्कळ संच कृष्णधवल होते आणि एका संचासमोर अर्धी आळी जमत असे. उणीव चित्रात होती, आनंदात नव्हती. आजच्या ‘फोर-के’ संचात ‘फुल एचडी’च्या चौपट बिंदू असतात, परंतु ४३ इंची पडद्यापासून सात-आठ फुटांवर बसल्यास निरोगी डोळ्यालाही हा भेद क्वचितच जाणवतो. अधू दृष्टीच्या वृद्धास मोठा पडदा उपकारक ठरतो, हे मान्य. त्यापलीकडचा लाभ मात्र संशयास्पद आहे.

बीड जिल्ह्यात तर प्रश्न आणखी निराळा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. घरचा संच पाच-सहा महिने कुलपाआड राहतो. कोपीत उरतो तो मोबाईलचा वीतभर पडदा. पहाटेपासून फडात राबून पुन्हा चूल पेटविणाऱ्या बाईला तोही पाहण्याची सवड नसते.

रंजनाला सवड लागते आणि सोबत लागते. या दोन्ही गोष्टी हप्त्यांवर मिळत नाहीत. त्यांचा संबंध तोडणीच्या दराशी आणि गावातच मिळू शकणाऱ्या कामाशी आहे. तो प्रश्न सुटेपर्यंत पडदे रुंदावतील. पाहणाऱ्यांच्या जागा मात्र रिकाम्याच राहतील.