ओल धरून ठेवा

पाऊस सरला आणि ऊन तापू लागले, की शरद ऋतू आला असे समजावे. विलायतेत या दिवसांत पाने गळतात. आपल्याकडे पानगळ शिशिरात. आपला शरद हा कापणीचा आणि पेरणीचाही ऋतू आहे. कोकणात भात कापले जाते, तेव्हा सोलापूर-बीडकडे रब्बी ज्वारीचा पेरा चालू असतो.

या ज्वारीपासून आपण पुष्कळ शिकावे असे आम्हांला वाटते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती पेरतात. पुढे पाऊस फारसा नसतो. तरीही चार महिन्यांत कणसे भरतात. कशावर? काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर.

मात्र ही ओल आपोआप टिकत नाही. काळे रान सुकताना भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करतात. तण निघते, भेगा बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी म्हणतात ते उगाच नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही पाऊस याच दिवसांत पडतो. बोनस हातात येतो. किमान बोनसचा दर 8.33 टक्के, म्हणजे बोनससाठी धरलेल्या वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. तो पंधरा दिवसांत वाहून जातो. मग जून उजाडतो. प्रवेश फी, वह्या, गणवेश! तेव्हा मंगळसूत्र गहाण पडते, नाहीतर महिना शेकडा 10 ने पैसे उचलावे लागतात. आम्ही कारकून माणसे, हिशेब मांडून दाखवतो. 10,000 रुपयांवर वर्षाचे व्याज 12,000 रुपये होते, आणि मुद्दल तसेच डोक्यावर राहते.

सण करू नका असे आमचे म्हणणे नाही. लेकरांच्या अंगावर नवा कपडा यावा, घरात गोडधोड व्हावे. वर्षभर राबणाऱ्या माणसाचा तो हक्कच आहे. पण भेगा ओळखा. कुणाच्या घरी ती मोबाईलच्या हप्त्याची असते, कुणाच्या घरी टपरीवरच्या उधारीची, कुणाच्या घरी बाटलीची. ती बुजवायची तर घरधन्याने पाकिटातला खरा आकडा घरच्या बाईला सांगितला पाहिजे. जिला आकडाच ठाऊक नाही, तिने घर चालवायचे कसे? दोघांनी वही घेऊन बसावे, मोठ्या मुलांनाही बसवावे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बसावे. हीच आपली कोळपणी.

कंत्राटी कामगाराला, धुणीभांडी करणाऱ्या ताईला कसला बोनस, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. हलक्या रानात ओल थोडीच टिकते. तिथे शेतकरी लवकर येणारे वाण पेरतो. पीक कमी येते, पण रान रिकामे राहत नाही. पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते महिना 100 रुपयांपासून उघडता येते, मुदत 5 वर्षांची. आज तिसरीत असलेली मुलगी तेव्हा आठवीत असेल.

कोरडे दिवस येणारच, ते कुणाला चुकलेले नाहीत. तेव्हा यंदा बाजाराची पिशवी हातात घेण्याआधी जूनचे पैसे बाजूला काढा. उरेल त्यात सण आनंदाने करा.