गार डबा, गरम माल

या आठवड्यात कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्यावर, लक्ष्मी टेकडीजवळ, एक पांढरा रीफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारा डबा, उभा दिसला. जनरेटर धडधडतोय, पट्टीवर आकडा उणे 18, आणि ड्रायव्हर चहा पितानाही त्या आकड्यावरची नजर काढत नाही. मला तो माणूस फार आवडला. कारण मंडळी, हा डबा माल गार करत नाही, गार माल गार ठेवतो. थर्मासात कोमट पाणी ओतून बर्फ मिळत नाही, तसंच हे. थंड हवा फरशीच्या खाचांतून वर येते, खोक्यांमधून फिरते, छताखालून परतते. शेतातली ऊब काढायची तिची ताकदच नाही. फ्रोझन माल आधीच गोठलेला लागतो, आणि तासगावची द्राक्षं तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे आधी गार करायला, गेली नाहीत, तर रॉटरडॅम बंदरात देठ वाळलेले निघणारच. 1882 साली ‘डनेडिन’ जहाजाने न्यूझीलंडहून लंडनला गोठवलेलं मांस नेलं, तब्बल 98 दिवस! आपल्या द्राक्षांना एवढी सवड कुठली? 2024 मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा एकेका दिवसाची किंमत बागायतदारांना कळली. म्हणून सांगतो, अनुदानाचा पहिला रुपया बांधाजवळच्या प्रीकूलिंगला द्या, दुसरा महामार्गावर रीफरसाठी वीज कधी जात नाही अशा प्लगला. फाउंड्रीचं कास्टिंग न्हावा शेवा बंदराच्या रांगेत आठवडाभर थांबेल. द्राक्ष थांबत नाही.